झालं म्हटल्यानंतरची गल्ली

टोपणनाव कुणाला नाकावरून पडतं, कुणाला चालीवरून. या गृहस्थांना ते तोंडातल्या दोन शब्दांवरून पडलं. उभा जन्म त्यांनी फोटो काढले आणि प्रत्येक फोटोआधी गळ्याच्या शिरा ताणून एकच गोष्ट सांगितली, हलू नका. समोर रडणारं पोर असो, नवरा-नवरी असोत, नोकरीच्या अर्जासाठी केस चापून आलेला तरणा गडी असो, सगळ्यांना हुकूम तोच. गल्लीने मग त्यांचं खरं नाव कुठेतरी टाकून दिलं आणि त्यांना हलूनका करून टाकलं. तोंडावर काका, पाठीमागे हलूनका. त्यांना हे ठाऊक होतं. राग त्यांनी कधी दाखवला नाही, आणि खरं सांगायचं तर आतून त्यांना जरा बरंच वाटायचं.

त्यांचा स्टुडिओ म्हणजे रस्त्याकडे तोंड केलेली एक चिंचोळी खोली. पुढे काउंटर, मागे पडदा, पडद्यावर रंगवलेलं तळं आणि तळ्यात दोन बदकं, त्यातल्या एकाची मान चितारणाऱ्याने भलतीच लांब करून ठेवलेली. भिंतीला आरसा, आणि आरशाला दोरीने बांधलेला कंगवा. बांधलेला अशासाठी की लोक तो खुशाल खिशात घालून चालू लागायचे. फिरवून उंच-बुटकं करायचं एक स्टूल होतं, त्यावर अर्धी गल्ली कधी ना कधी श्वास रोखून बसलेली आहे. ‘हललेला फोटो आणि नासलेलं दूध, दोघांची लायकी एकच,’ असं ते म्हणायचे. फोटो तसूभर हलला तरी पुन्हा काढायचे, मग गिऱ्हाईक कितीही कुरकुरो.

पुढे ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा आला. स्टुडिओकडे कोण फिरकतंय मग? काही दिवस त्यांनी माश्या मारल्या, शेवटी कुलूप लावलं, कॅमेरा गळ्यात अडकवला आणि हौस म्हणून गल्लीचेच फोटो काढायला निघाले. पण जित्याची खोड ती. रस्त्यावरचा फोटोसुद्धा ते स्टुडिओतल्यासारखाच काढायचे. फळवालीला सांगायचे, पपई उचल, हनुवटी खाली घे, इकडे बघ. सलूनवाल्याला सांगायचे, कात्री वर धर. चालता माणूस थांबवायचे आणि त्याला चालल्यासारखं उभं करायचे. मग आलंच, हलू नका. त्यांच्या फोटोतली गल्ली बघितली की वाटायचं, या सगळ्यांना आता शिक्षा सुनावणार आहेत.

त्यांची बायको अगदी उलट्या घडणीची. गल्ली तिला शिवणमावशी म्हणायची. त्यांच्या इमारतीच्या जिन्याखाली जी तिरकी जागा असते, जिथे लोक मोडक्या सायकली आणून टाकतात, तिथे मावशींनी शिवणाचं मशीन मांडलं होतं. विजार आखूड कर, चेन बदल, उसवलेला खिसा शिव, दप्तराला पट्टा लाव. काम हातांनी आणि कारभार तोंडाने. रस्त्यावरून गेलेल्या प्रत्येक माणसाची खबर त्यांना असायची आणि गल्लीतल्या प्रत्येक भांडणाचा निवाडा त्यांच्यापाशी व्हायचा. नवऱ्याला त्या म्हणायच्या, ‘तुम्ही जगाला गप्प उभं करता, मी बोलतं करते. म्हणून आपला संसार टिकला.’

अशी ही बाई एका सकाळी ओल्या पायरीवरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडून बसली.

ऑपरेशन चांगलं झालं. हाड जुळलं. घरी सोडताना डॉक्टरांनी हलूनकांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, ‘आमचं काम झालं, आता त्यांचं आहे. काठी धरून चालायला लागल्या, जिना उतरायला लागल्या, तर सुटल्या. पडून राहिल्या तर पाय गेले म्हणून समजा. मग खाट ती खाट.’ हलूनकांनी मान डोलावली. त्यांना काय वाटलं, आपली बायको खाटेवर कशाला राहतेय? ती घरात दुपार काढत नाही, खाटेवर महिने काढणार होय?

पण काहीतरी बिघडलं. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टचं नाव नाही. खाट ज्या खोलीत मावत होती तिची खिडकी मागच्या अंगाला. तिच्यातून शेजारच्या इमारतीची भिंत दिसायची, आणि भिंतीवरून खाली गेलेला पाण्याचा पाइप. रस्त्याचा आवाजसुद्धा येत नव्हता. व्यायाम शिकवणाऱ्या ताई रोज सकाळी यायच्या, गोड बोलून बघायच्या, रागावून बघायच्या, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. मावशी पाय उचलायच्या, ठेवायच्या, आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडायच्या. दुखतं म्हणायच्या नाहीत, नको म्हणायच्या नाहीत, काहीच म्हणायच्या नाहीत. जिचं बोलणं थांबावं म्हणून लोक घड्याळ बघायचे, तिच्या तोंडाला कुलूप.

हलूनका घाबरले. बायकोच्या आजारपणाला ते घाबरले नव्हते, पण या गप्पपणाला घाबरले. त्यांना रडता यायचं नाही, म्हणून ते स्वयंपाकघरात जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासायचे.

मग त्यांना वाटलं, हिला गल्ली आठवत असेल. आपण गल्लीच वर घेऊन जाऊ. उतरले खाली, सगळ्यांना उभं केलं, फोटो काढले, मोठे करून आणले आणि खाटेवर मांडले. मावशींनी एक उचलला, बघितला, ठेवला. दुसरा बघितला. तिसऱ्याला हात लावला नाही.

‘काय गं, चांगले नाहीत?’

‘चांगले आहेत,’ मावशी म्हणाल्या. ‘सगळे मेल्यासारखे उभे आहेत.’

आणि तोंड पुन्हा भिंतीकडे. हलूनकांना हे फार लागलं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर त्याला त्यांनी फोटोग्राफीवर तासभर सुनावलं असतं. इथे बोलायची सोय नव्हती.

त्यांची लेक दुसऱ्या गावी नोकरीला. ती रजा काढून आली, आईजवळ बसली, आणि जाताना बापाला एक नवा कॅमेरा देऊन गेली. ‘बाबा, याची वायर अशी टीव्हीला लावायची, म्हणजे आईला पडल्या पडल्या मोठं दिसेल. आणि यात व्हिडिओही निघतो.’

‘मला ते हलतं प्रकरण नको,’ हलूनका म्हणाले. ‘फोटो निघतो ना? मग झालं तर.’

नव्या कॅमेऱ्याच्या डोक्यावर एक गोल चक्री होती. पहिल्याच दिवशी अंगठा लागून ती फिरली, आणि हलूनकांना पत्ता नाही. त्यांनी आपली नेहमीसारखी गल्ली गोळा केली. मधोमध सलूनवाला, हातात कात्री. त्याच्या खुर्चीत तोंडाला फेस फासलेलं गिऱ्हाईक. शेजारी फळवाली, हातात पपई. ‘हलू नका,’ म्हणून ते ओरडले आणि बटण दाबलं. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर एक लाल ठिपका लुकलुकायला लागला. त्यांना वाटलं, नवीन वस्तू आहे, असेल काही शोभेचं. खटका वाजला नाही. वाटलं, नवीन कॅमेरे मुके असतील. खात्री असावी म्हणून त्यांनी सगळ्यांना नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ ताटकळत ठेवलं, मग ‘झालं’ म्हणाले आणि कॅमेरा गळ्यात सोडून दिला. आणि गल्लीची शिस्त बघा, तोवर एकानेही पापणी हलवली नव्हती. व्हिडिओसाठी पुतळ्यासारखी उभी राहिलेली माणसं जगात दुसरीकडे कुठे मिळायची नाहीत. या गल्लीला सवयच तशी लागलेली.

घरी येऊन त्यांनी वायर टीव्हीला लावली. मावशी भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. पडद्यावर गल्ली आली, ताठ उभी.

‘बघ तरी,’ हलूनका म्हणाले. ‘पपईवरचा डाग न् डाग दिसतोय.’

मावशी वळल्या नाहीत. हलूनका आपले कौतुकाने बघत राहिले. तेवढ्यात फोटोतली पपई हळूच थरथरली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. फेस फासलेल्या गिऱ्हाइकाच्या गालावरून फेसाचा एक गोळा घरंगळत हनुवटीपर्यंत आला. बिचारा माणूस, तो फेसही त्याने पुसला नाही. हलूनकांना घाम फुटला. एवढ्या वर्षांत त्यांचा फोटो असा डोळ्यांदेखत कधी हलला नव्हता. मग टीव्हीतून त्यांचाच आवाज आला, ‘झालं.’ आणि सगळ्या गल्लीने एकदम श्वास सोडला.

पुढे चित्र असं काही नव्हतं. कॅमेरा गळ्यात लोंबकळत होता, त्यामुळे कधी हलूनकांचं पोट, कधी फरशी, कधी कुणाचे पाय. पण आवाज लख्ख.

‘ए, तुझ्या गिऱ्हाइकांचे केस माझ्या पपयांवर येतात, किती वेळा सांगायचं?’ ही फळवाली.

‘आणि तुझ्या सालीवरून माझं गिऱ्हाईक आपटलं त्याचं काय? अर्धी दाढी तशीच घेऊन घरी गेला तो. बायकोने दारातून हाकलला म्हणे.’ हा सलूनवाला.

‘दाढीसाठी नाही हाकलला. माणूसच तसा आहे तो.’

‘मावशी खाली असत्या ना, तर तुला सरळ केलं असतं.’

‘मावशी असत्या तर आधी तुझा झाडू रस्त्यावर फेकला असता.’

हलूनका टीव्ही बंद करायला बटण शोधत होते. लाज वाटत होती त्यांना. एक फोटो धड निघू नये म्हणजे काय? तेवढ्यात पाठीमागून आवाज आला.

‘मागे घ्या.’

ते वळले. मावशी कोपरावर रेलून टीव्हीकडे बघत होत्या.

‘काय?’

‘मागे घ्या ते. बायकोने दारातून काय केलं म्हणाला? नीट ऐकू आलं नाही.’

मागे कसं घ्यायचं ते हलूनकांना कुठे येत होतं? त्यांनी लेकीला कामाच्या वेळेत फोन लावला. ती घाबरली, आईचं काही झालं की काय म्हणून. ‘काही नाही,’ हलूनका म्हणाले, ‘तिला मागे घ्यायचंय.’ लेकीने बटण सांगितलं. त्यांनी मागे घेतलं. मावशींनी ते सबंध भांडण चवीने पुन्हा ऐकलं, आणि मग कित्येक दिवसांनी हसल्या. हसून झाल्यावर निकाल दिला, ‘दोघंही चूक. त्याला सांगा, ती यायच्या आत झाडून घे. आणि तिला म्हणावं, सालींना एक टोपली ठेव.’

हलूनका निकाल घेऊन जिना उतरले. उतरताना त्यांच्या लक्षात आलं की आपण पायऱ्या दोन-दोन टाकतोय. या वयात.

दुसऱ्या दिवसापासून ते चक्री मुद्दाम फिरवून बाहेर पडू लागले. आधी फजितीच होती. हातात चालणारं यंत्र आलंय म्हटल्यावर त्यांना वाटलं, सगळी गल्ली एका दमात गोळा केली पाहिजे. मग कॅमेरा इकडून तिकडे, वरून खाली, नुसता गरगर. मावशींनी डोळे मिटून घेतले. ‘मला घेरी येते. तुम्ही कशाला फिरता? जगाला फिरू द्या की. तुम्ही उभे राहा एका जागी.’ म्हणजे ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांना हलू नका म्हणून सांगितलं, त्याच्यावर आता ते स्वतःला सांगायची पाळी आली. सलूनवाल्याला हे कळलं तेव्हा तो इतका हसला की गिऱ्हाइकाच्या मिशीचा एक कोपरा गेला.

पण उभं राहायला ते शिकले. भिंतीला पाठ टेकवून, कॅमेरा छातीशी धरून, गप्प. आणि मावशी खाटेवर पडल्या पडल्या उंटावरून शेळ्या हाकायच्या. आज फळवालीच्या डाव्या बाजूने घ्या. काल तुम्ही खोकलात, त्यात ती काय म्हणाली ते बुडालं. एकदा एक माणूस दिसला. फळांच्या गाडीवरून पुढे गेला, थांबला, मागे आला, पपईकडे बघितलं, पुन्हा निघाला. कोपऱ्यापर्यंत गेला. परत आला आणि एक पपई उचलून, वास घेऊन, कुणाची तरी आठवण आल्यासारखी हातात धरून उभा राहिला. मावशींनी ते तीनदा बघितलं. ‘तुम्ही फोटो काढला असता तर पपई घेणारा एक माणूस दिसला असता, एवढंच,’ त्या म्हणाल्या. ‘त्याची ही घालमेल कुठे दिसली असती?’ हलूनकांनी हुं केलं. पटलं होतं त्यांना, पण एवढ्या वर्षांचं इमान एका पपईवर सोडायचं म्हणजे जड जातं.

संध्याकाळी दोघं टीव्हीपुढे बसायचे, ती बोलायची, ते ऐकायचे, आणि घर पुन्हा घरासारखं झालं. हलूनकांना वाटलं, जिंकलं आपण.

व्यायामाच्या ताईंना तसं वाटत नव्हतं. एका सकाळी त्या म्हणाल्या, ‘मावशी, आज जिन्याच्या दारापर्यंत जाऊ या.’

‘कशाला?’ मावशी म्हणाल्या. ‘सगळी गल्ली रोज माझ्या खाटेवर येते. मी कुठे जाऊ?’

ताईंनी हलूनकांना बाहेर बोलावलं. ‘काका, तुम्ही त्यांना बरं करताय की खाटेला खिळवताय?’

‘अहो, आधी ती भिंतीकडे तोंड करून होती.’

‘आणि आता टीव्हीकडे करून आहेत. पाय तिथेच आहेत. मांड्या बघा त्यांच्या, काय झाल्यात. अजून थोडे दिवस असं चाललं ना, तर मग मी येऊन उपयोग नाही.’

हलूनका जिन्यात उभेच राहिले. करायला गेलो काय आणि होऊन बसलं काय. व्हिडिओ बंद करावा तर बायको पुन्हा भिंतीकडे वळणार. चालू ठेवावा तर ती कधी उठणार नाही. लेकीला विचारलं, तीही रडकुंडीला आली. म्हणाली, ‘बाबा, मला नाही कळत. आई फोनवर किती दिवसांनी हसली हो.’ हलूनकांनी त्या दिवशी सगळी भांडी पुन्हा घासली.

त्यात आणखी एक भर. मावशी रोज बघतात हे गल्लीला कळलं. मग काय विचारता. फळवाली धुतलेले कपडे घालून, वेणी घालून यायला लागली. सलूनवाल्याच्या तोंडात कधी नव्हे ती ‘आपण’ आणि ‘कृपया’ आली. भांडणं बंद. कॅमेरा दिसला की जो तो हसून हात हलवायचा, ‘मावशी, बऱ्या आहात ना?’ मावशींनी दोन दिवस सोसलं. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, ‘हे सगळे पाहुण्यांसारखे का वागतात? यापेक्षा तुमचे पुतळे काय वाईट होते?’

म्हणून हलूनकांनी शक्कल काढली. सकाळीच जाऊन सलूनच्या कट्ट्यावर, तेलाच्या बाटल्यांच्या मागे, कॅमेरा चालू करून ठेवला. तोंड रस्त्याकडे, म्हणजे बरोबर समोर त्यांच्या इमारतीचं दार आणि जिना दिसेल असं. आपण हातात कॅमेरा धरला नाही तर लोक विसरून जातील, असा हिशेब. स्वतः रस्ता ओलांडून आले आणि मावशींच्या मशीनपाशी, जिन्याखाली, स्टुलावर जाऊन बसले. गल्ली खरंच विसरली. मनासारखं भांडण झालं. टोपलीत साली टाकल्या नव्हत्या म्हणून सलूनवाला ओरडला, फळवालीने त्याचे पूर्वज काढले. हलूनका खूश झाले.

घरी येऊन वायर लावली आणि ते चहा टाकायला आत गेले. बाहेरून भांडणाचा आवाज येत होता. मावशी हसतील म्हणून ते कान देऊन होते. हसू आलं नाही. आवाज थांबला, मागे गेला, पुन्हा तेच भांडण सुरू झालं. पुन्हा थांबला, पुन्हा मागे. मग एकदम बंद.

चहा घेऊन आले तर टीव्ही काळा आणि मावशींचं तोंड भिंतीकडे.

‘नाही आवडलं?’

‘उद्यापासून व्हिडिओ नको.’

‘अगं, पण भांडण तर...’

‘नको म्हटलं ना.’

हलूनकांच्या हातातला चहा हातातच राहिला. त्यांना वाटलं, संपलं. हिचं त्यातूनही मन उडालं, आता हिला कशाचीच ओढ नाही. खाट ती खाट, असं डॉक्टर म्हणाले होते. त्यांना ते शब्द दिवसभर ऐकू येत राहिले.

पुढचे दिवस वाईट गेले. मावशी त्यांना घरात थांबू देईनात. ताई यायची वेळ झाली की म्हणायच्या, ‘तुम्ही इथे घोटाळू नका. खाली जा.’ साधी सरळ हकालपट्टी. ताईंना विचारावं, कसं काय चाललंय, तर त्या नजर चुकवून ‘बघू या’ म्हणायच्या. डॉक्टर लोक असं बोलायला लागले की माणसाने काय समजायचं ते हलूनकांना कळत होतं. ते खाली यायचे आणि मशीनपाशी स्टुलावर बसायचे. कॅमेरा सवयीने गळ्यात असायचा, पण त्याचं बटण त्यांनी दाबलं नाही. सलूनवाला समोरून ओरडायचा, ‘काका, या इकडे, नवीन गंमत सांगतो.’ ते हात हलवायचे आणि बसून राहायचे.

असेच एका सकाळी बसले होते. डोक्यावर जिन्यात काहीतरी वाजायला लागलं. टक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक. कुणीतरी जड सामान उतरवतंय, हलूनकांना वाटलं. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंनी कपाट काढलं असेल. आवाज त्यांच्या डोक्यावरून पुढे सरकला, खाली आला, अगदी कानाशी आला. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर आधी काठीचं रबरी टोक दिसलं. मग एक चप्पल. ती चप्पल त्यांनी ओळखली. कित्येक महिने ती खाटेखाली पडून होती, केर काढताना ते रोज ती उचलून पुन्हा तिथेच ठेवत होते.

मावशी खाली उतरल्या होत्या. एका हातात काठी, दुसरा हात ताईंच्या खांद्यावर, तोंड घामाने निथळत होतं.

समोरून सलूनवाल्याने पाहिलं आणि हातातला वस्तरा तसाच धरून बाहेर आला. ‘काका, कॅमेरा! अहो, व्हिडिओ काढा की.’ कॅमेरा गळ्यातच होता. हलूनकांना तो सुचलासुद्धा नाही. ते स्टुलावरून उठले, स्टूल पुढे सरकवलं, पुन्हा मागे ओढलं, आपण काय करतोय ते त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. ताईंनीच मावशींना धरून बसवलं.

‘तू जिना उतरलीस,’ हलूनका म्हणाले.

‘दिसतंय की.’

‘कधीपासून?’

‘तुम्ही खाली गेलात की रोज,’ ताई म्हणाल्या. ‘आधी दारापर्यंत, मग एक जिना, मग दोन. मला शपथ घातली होती, तुम्हाला सांगायचं नाही. मध्येच जमलं नाही तर तुम्ही खचाल म्हणाल्या.’ आणि शहाण्या बाई होत्या, फळवालीकडे केळी बघायला निघून गेल्या.

हलूनका पायरीवर बसले. त्यांना बायकोकडे नीट बघवेना.

‘मग व्हिडिओ का बंद केलास? मला वाटलं...’

‘काय वाटलं ते माहीत आहे मला.’ मावशींना अजून धाप लागत होती. त्या थांबल्या, दम घेतला. ‘त्या दिवशी तुम्ही कॅमेरा तिकडे ठेवलात आणि इथे येऊन बसलात. तुम्ही त्यात आलात, हे तुमच्या लक्षातच आलं नाही. जन्मभर तुम्ही कॅमेऱ्याच्या मागे. एकटे असताना तुम्ही कसे दिसता हे मला कुठे ठाऊक? भांडण चाललं होतं ते मी ऐकलंच नाही. मी तुम्हालाच बघत होते. वाटलं, आता उठतील. आता कुणाशी तरी बोलतील. सलूनवाला चहा ठेवून गेला, तो निवला. तुम्ही हात लावला नाहीत. तुम्ही बसलेलेच. मागे घेऊन घेऊन बघितलं मी. प्रत्येक वेळी तसेच बसलेले.’

हलूनकांनी गळ्यातला कॅमेरा काढून पायरीवर ठेवला.

‘मला वाटायचं, गल्लीला माझ्यावाचून करमत नाही. गल्ली मजेत आहे हो. तिला काय झालंय?’ मावशींनी काठी मांडीवर आडवी घेतली. ‘करमत नव्हतं ते तुम्हाला. आणि मी वर पडून टीव्ही बघत होते.’

रस्त्यावर फळवाली आणि सलूनवाला काहीच कामं नसल्यासारखे उभे होते, दोघंही भलतीकडे बघत. हलूनकांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला लागले. चष्म्याला काही झालं नव्हतं. मावशींनी हात पुढे करून त्यांच्या सदऱ्याची कड धरली, गळ्यापाशी बघितलं, बोट लावलं.

‘हे वरचं बटण कधी तुटलं?’

‘झाले बरेच दिवस.’

‘किती?’

‘तू पडलीस, त्याच आठवड्यात.’

‘मग सांगायचं नाही? बसल्या बसल्या लावलं असतं. हात काही मोडले नव्हते माझे.’

‘तू खाली आलीस की सांगणार होतो,’ ते म्हणाले.